दलालाची वही

मे महिना लागला की मी बाकूत मान वर करून चालतो.
लोकांना वाटतं, कबुतरं मोजतोय.
मी बाल्कन्या मोजतो.

सप्टेंबरात शर्यत. ज्या रस्त्यांवर एरवी
कलिंगडांचे टेम्पो पेंगत असतात,
तिथून गाड्या सुटतील कानठळ्या बसवत
आणि परदेशी पाहुणे विचारतील,
सगळ्यात चांगली जागा कुठली?

चांगली म्हणजे काय, ते माझ्या वहीत आहे.
समुद्राकाठचा सरळ रस्ता: गाडी दिसते चार सेकंद,
दिसते म्हणजे, डोळ्यावर एक रेघ ओढली जाते.
चौकातलं काटकोनी वळण: ब्रेकचा धूर, टायरचा वास,
मध्येच जाहिरातीचा फलक, त्याला काय करणार.
हॉटेलची गच्ची: सावली, शॅम्पेन, मोठा पडदा.
तिथं लोक शर्यत पडद्यावरच बघतात,
वारा तेवढा खरा असतो.
(खझरी सुटला की टोप्या कॅस्पियनमध्ये जातात.
त्याचे पैसे परत नाहीत.)

आणि मग किल्ल्याची चढण.
तटबंदीशेजारी रस्ता इतका अंग चोरतो
की दोन गाड्या जोडीनं आल्या तर एकीनं माघार घ्यावी.
तिथं तिसऱ्या मजल्यावर राहतात आगासफ मुअल्लिम,
भूगोलाचे, निवृत्त.
बाल्कनी अशी, की वाकलं तर
ड्रायव्हरच्या हातमोज्याची शिवण दिसावी.

तीनदा गेलो.
पहिल्यांदा चहा मिळाला,
दुसऱ्यांदा चेरीचा मुरंबा,
तिसऱ्यांदा होकार.
भावावर घासाघीस नाही. बाल्कनी घ्या, बैठक घ्या,
पियानो सरकवा हवं तर.
स्वयंपाकघर तेवढं माझं.

स्टॉपवॉच घेऊन मी त्या खिडकीतही उभा राहिलो.
खालून टॅक्सी गेली. ऐकू आली फक्त.
दिव्याचा खांब, तटाचा कोपरा, जाळीतली एक फट.
वहीत लिहिलं: शून्य.

शर्यतीच्या दिवशी बाल्कनीत आठ पाहुणे,
कानांत बोळे, हातांत मोबाईल,
दर फेरीला एकदम माना फिरवणारे,
घाई झालेल्या सूर्यफुलांसारखे.
काचा थरथरत होत्या,
कपाटातले पेले एकमेकांची चहाडी करत होते.
मी बर्फ आणायला आत गेलो.

मुअल्लिम स्टुलावर बसले होते, अंगात कोट,
गाड्या जिथं नव्हत्या तिकडं तोंड करून.
त्या फटीत, जाळीमागं, नारिंगी कपड्यांतली एक बाई,
बगलेत गुंडाळलेला पिवळा झेंडा.
"फिदान," ते म्हणाले. मला नव्हे, बहुधा.
मग मला: "दातांची डॉक्टर आहे.
सुट्टी काढून उभी राहते इथं."
किती वर्षं घरी आली नाही ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

तेवढ्यात वळणावर कुणीतरी भिंतीला घासलं.
बाल्कनीत आरडाओरडा.
तिनं झेंडा उलगडला
आणि फिरवत राहिली, खांद्यापासून, जोरात,
जसं कुणी नकाशावरची धूळ झटकावी.
म्हातारा स्टुलावरून उठला.
कोटाचं वरचं बटण लावलं.

गाड्या थांबल्या तेव्हा तिनं कानांवरची झाकणं काढली,
बाटली उघडली, पहिला घोट थुंकून टाकला,
मग प्याली.
"अजून तसंच," ते म्हणाले.
वर पाहिलं नाही तिनं.
मधलं अंतर चाळीस पावलं. जिना धरला तर साठ.

बर्फाचं पाणी झालं. पाहुणे कुरकुरले.

यंदा एक पार्टी दुप्पट द्यायला तयार आहे,
सगळं घर हवंय, स्वयंपाकघरासकट.
मी म्हटलं, ती खिडकी कशाला घेता,
काही दिसत नाही तिथून.
शिवाय गॅस गळतो.